राउटरलाही एक्स्पायरी डेट असते, फक्त ती बॉक्सवर छापलेली नसते

गोंदिया शहराला अगदी खेटून फुलचूर नावाचं गाव आहे. शहर वाढत वाढत इथवर आलंय, त्यामुळे नावाला ग्रामपंचायत असली तरी गरजा सगळ्या शहराच्या. पोराला स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा असतो, बापाला धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी करायची असते, आईचं यूपीआय असतं, दुकानावर सीसीटीव्ही असतो. आणि हे सगळं चालतं एका डब्यावर. टीव्हीच्या वर किंवा देव्हाऱ्याच्या शेजारी खिळ्याला टांगलेला, दोन काड्या वर केलेला, लुकलुकणारा वायफायचा डबा. म्हणजेच राउटर.

इंटरनेट अडकलं की घरातल्या सगळ्यात लहान माणसाला हुकूम सुटतो, "जा, डबा बंद करून चालू कर." तो करतो आणि इंटरनेट सुरू होतं. विषय संपला.

पण विषय संपलेला नसतो. तो डबा आठ-दहा वर्षं जुना असेल, तर त्याचं बंद पडणं हा त्यातला सगळ्यात छोटा प्रॉब्लेम आहे. मोठा प्रॉब्लेम असा, की तो चालू असताना नेमका कुणासाठी चालू आहे हे तुम्हाला माहीतच नसतं.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. गेल्या काही काळात जे घडलंय ते बघा.

२०२५ मध्ये काय झालं?

७ मे २०२५ ला अमेरिकेच्या एफबीआयनं एक इशारा दिला. कंपन्यांनी ज्यांना अपडेट देणं बंद केलंय अशा जुन्या राउटरमध्ये घुसून गुन्हेगार ते वापरतायत, असा तो इशारा होता. यादीत लिंक्सिसचे ई१२००, ई२५००, डब्ल्यूआरटी३१०एन असे एकेकाळी घराघरात असलेले राउटर होते. त्याच सुमारास अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी 'एनीप्रॉक्सी' आणि 'फाइव्हसॉक्स' नावाच्या दोन वेबसाइट बंद पाडल्या.

या वेबसाइटचा धंदा काय होता? लोकांच्या घरातले जुने राउटर ताब्यात घ्यायचे आणि ते भाड्यानं द्यायचे. पैसे भरणारा गुन्हेगार त्याच्या देशात बसून जे काही करेल, ते इंटरनेटवर तुमच्या घरातून केल्यासारखं दिसणार. अमेरिकी तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार या धंद्यातून ४ कोटी ६० लाख डॉलरहून जास्त पैसे कमावले गेले.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं, आपला काय संबंध?

तर पुढच्याच महिन्यात, जून २०२५ मध्ये, अमेरिकेच्या 'सिसा' या सायबर सुरक्षा संस्थेनं आणखी काही राउटरमधली एक त्रुटी 'हल्ल्यात प्रत्यक्ष वापरली जात आहे' अशा यादीत टाकली. त्यात टीपी-लिंकचे टीएल-डब्ल्यूआर७४०एन, टीएल-डब्ल्यूआर८४१एन आणि टीएल-डब्ल्यूआर९४०एन या मॉडेलची जुनी व्हर्जन होती. भारतात ब्रॉडबँड घेतलेल्यांना ही नावं ओळखीची वाटतील. पांढरा, चपटा, स्वस्तातला तो राउटर आपल्याकडे प्रचंड चालला. सप्टेंबर २०२५ मध्ये डब्ल्यूआर८४१एन याच मॉडेलच्या आणखी दोन त्रुटी त्याच यादीत गेल्या.

आणि भारताला हा अनुभव नवा नाही. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम अचानक बंद पडायला लागले होते. सुमारे ६० हजार मोडेमना फटका बसल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. कारण काय निघालं? अनेक मोडेमचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच, म्हणजे 'ॲडमिन' हाच होता. बीएसएनएलला ग्राहकांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं.

मग सरळ प्रश्न येतो. मोबाइलसारखं राउटरचंही सॉफ्टवेअर अपडेट करून टाकावं, झालं. ते का होत नाही?

खरी गोम मेमरीत आहे

राउटर म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. त्यात प्रोसेसर असतो आणि दोन प्रकारची मेमरी असते.

पहिली फ्लॅश. ही घरातल्या कपाटासारखी. राउटरचं सॉफ्टवेअर, ज्याला फर्मवेअर म्हणतात, ते आणि तुमचा वायफायचा पासवर्ड इथं कायमचा ठेवलेला असतो. लाइट गेली तरी पुसला जात नाही.

दुसरी रॅम. हा ओटा. काम चालू असताना लागणारं सगळं इथं पसरलेलं असतं आणि लाइट गेली की साफ होतं.

आता डब्ल्यूआर८४१एनच्या अनेक जुन्या व्हर्जनमध्ये किती मेमरी होती माहितीये? फ्लॅश ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी. तुमच्या मोबाइलनं काढलेला एक चांगला फोटो ४ एमबीचा असतो. म्हणजे एका फोटोच्या जागेत राउटरची अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम, वायफायचा ड्रायव्हर, फायरवॉल आणि सेटिंगचं पान कोंबून बसवलेलं असतं. आणि ४ जीबी रॅमचा साधा मोबाइल घेतला, तरी त्याची रॅम या राउटरच्या १२८ पट होते.

राउटर डिझाइन झाला तेव्हा हे पुरत होतं. घरात एक कॉम्प्युटर, फार तर एक लॅपटॉप. आज त्याच डब्याला चार मोबाइल, स्मार्ट टीव्ही आणि कॅमेरा लटकलेला असतो. यातलं प्रत्येक यंत्र एकाच वेळी बाहेरच्या कित्येक सर्व्हरशी बोलत असतं आणि कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं, याची यादी राउटरला रॅममध्ये ठेवावी लागते. यादी लांबली, ओटा भरला की राउटर गुदमरतो. मग आपण बंद करून चालू करतो, ओटा साफ होतो, गाडी पुन्हा सुरू. फुलचूर असो की फोर्ट, रिस्टार्टची जादू चालते ती यामुळे.

पण रिस्टार्टनं कपाट मोठं होत नाही. नव्या सुरक्षा पद्धती, डब्ल्यूपीए३ सारखं वायफायचं नवं कुलूप, एन्क्रिप्शनचं नवं सॉफ्टवेअर, या सगळ्याला जास्त जागा लागते. ४ एमबीच्या कपाटात ते बसवायचं तर आधी काहीतरी बाहेर काढावं लागतं. कंपनीसाठी हे खर्चाचं काम. पाच वर्षांपूर्वी विकलेल्या स्वस्त राउटरवर इंजिनीअर बसवण्यापेक्षा नवा राउटर विकणं तिला परवडतं.

कंपन्यांनी मेमरी कमी का ठेवली?

उत्तर सोपं आहे, पैसे वाचतात म्हणून. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी.

हा निळा-काळा राउटर २००२ च्या शेवटी आला आणि जगभर गाजला. त्यात लिनक्स वापरलंय हे उघड झाल्यावर लायसन्सच्या अटीप्रमाणे २००३ मध्ये कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. मग हौशी प्रोग्रामरनी त्यावर स्वतःचं फर्मवेअर लिहायला घेतलं. २००४ मध्ये त्यातूनच 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. कंपनीनं लक्ष दिलं नाही तरी लोकच जुन्या राउटरला नवं सॉफ्टवेअर देऊ लागले.

त्यानंतर २००५ मध्ये त्याच राउटरचं पाचवं व्हर्जन आलं. दिसायला सेम टू सेम डबा. आत मात्र रॅम १६ एमबीवरून ८ एमबी आणि फ्लॅश ४ एमबीवरून २ एमबी झालेली. लिनक्सही काढून टाकलेलं. बॉक्सवरचं नाव तेच, पण सुधारायची सोय जवळपास गेली. लिनक्सवालं जुनं मॉडेल हवं असलेल्यांसाठी कंपनीनं डब्ल्यूआरटी५४जीएल या नावानं वेगळा राउटर काढला.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. राउटरचं मॉडेल सांगून भागत नाही, व्हर्जनही बघावं लागतं. ते राउटर उलटा केला की खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. एका व्हर्जनचं फर्मवेअर दुसऱ्यावर टाकलं, तर डबा कायमचा बंद पडू शकतो.

मग मेमरी वाढवता येत नाही का?

कॉम्प्युटरची रॅम वाढवतो तशी राउटरची वाढवली तर? घरातल्या राउटरमध्ये मेमरीची चिप बोर्डवर थेट सोल्डर केलेली असते. हात चांगला बसलेले हौशी लोक ती काढून मोठी चिप लावतात, हे खरं. पण त्यासाठी लागणारी अवजारं, वेळ आणि डबा बिघडण्याची जोखीम धरली, तर नवा राउटर स्वस्त पडतो.

ऑफिस, कॉलेज, बँकांच्या मोठ्या राउटरचं तसं नव्हतं. २००४ मध्ये आलेला सिस्को १८४१ घ्या. त्यात रॅमचा स्लॉट होता, रॅम ३८४ एमबीपर्यंत वाढवता यायची. फ्लॅश म्हणजे कॅमेऱ्यात असायचं तसं काढता-घालता येणारं कार्ड, तेही १२८ एमबीपर्यंत. नवं सॉफ्टवेअर जास्त मेमरी मागतंय? रॅम टाका, कार्ड बदला, अपडेट करा. एक राउटर वर्षानुवर्षं चालायचा.

मेमरी संपली तर किती मोठा घोळ होतो, हे १२ ऑगस्ट २०१४ ला जगानं पाहिलं. इंटरनेटवरच्या मोठ्या राउटरना जगभरातल्या रस्त्यांची यादी लक्षात ठेवावी लागते. अनेक जुन्या राउटरमध्ये या यादीसाठीची खास मेमरी साधारण ५ लाख १२ हजार नोंदींवर सेट केलेली होती. त्या दिवशी यादीनं तो आकडा ओलांडला आणि कितीतरी ठिकाणी इंटरनेट अडखळलं. ईबेसारख्या मोठ्या साइटलाही त्रास झाला. सिस्कोनं याची सूचना काही महिने आधीच दिली होती. अनेक राउटरमध्ये सेटिंग बदलून काम भागणार होतं. ज्यांनी वेळेत बदललं ते निभावले, ज्यांनी दुर्लक्ष केलं ते अडकले.

पण सिस्को १८४१ ची गोष्ट इथं संपत नाही. ऑक्टोबर २०१६ च्या शेवटी कंपनीनं त्याचा सपोर्ट पूर्ण थांबवला. त्यानंतर तुम्ही त्यात कितीही रॅम घाला, नवी त्रुटी सापडली तर तिचा पॅच येणार नाही. म्हणजे मेमरी वाढवल्यानं नवं सॉफ्टवेअर बसायला जागा होते, पण ते सॉफ्टवेअर कुणीतरी लिहावं लागतं. राउटरचं आयुष्य या दोन्हींवर ठरतं आणि घरातल्या स्वस्त राउटरमध्ये दोन्ही गोष्टी लवकर संपतात.

ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनाही शेवटी हात टेकावे लागले. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्या राउटरसाठी आता त्यांचं नवं फर्मवेअर मिळत नाही. किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम लागते, आणि त्यातही अडचण होतेच.

पण माझ्या राउटरमध्ये घुसून कुणाला काय मिळणार?

हा प्रश्न सगळेच विचारतात. फुलचूरच्या घरातल्या डब्यात कुणाला काय रस? उत्तर असं, की हल्ला करणारा तुम्हाला ओळखतच नाही. त्याचा प्रोग्राम इंटरनेटवरचा एकेक पत्ता ठोठावत जातो. दार उघडं सापडलं की आत. गोंदिया आणि न्यूयॉर्क त्याला सारखेच.

आत आल्यावर तो साधारण तीन गोष्टी करू शकतो.

एक, तुम्ही बँकेच्या साइटचं नाव टाकल्यावर तुम्हाला तसल्याच दिसणाऱ्या खोट्या साइटवर नेणं. राउटरमधली डीएनएसची सेटिंग बदलली की हे जमतं.

दोन, तुमचा राउटर दुसऱ्यावर हल्ला करायला वापरणं. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसनं कॅमेरे आणि राउटर गोळा करून हेच केलं होतं.

तीन, वर सांगितला तो भाड्याचा धंदा. गुन्हा दुसऱ्याचा, आयपी ॲड्रेस तुमचा. तपास सुरू झाला की पहिलं नाव निघतं ते कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचं. तुम्ही निर्दोष आहात हे यथावकाश सिद्ध होईलही, पण तोवरचे हेलपाटे कुणी मारायचे?

बरं, रिस्टार्टनं हे जातं का? अर्धवट. मिरायसारखे प्रकार रॅममध्ये राहायचे, त्यामुळे बंद केलं की पुसले जायचे. पण जुनं दार उघडंच असल्यानं थोड्या वेळात परत यायचे. २०१८ मध्ये सापडलेला 'व्हीपीएनफिल्टर' तर रिस्टार्टनंतरही आपला पाया टिकवून ठेवायचा. तो ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत शिरला होता.

आता करायचं काय?

पहिलं काम, राउटर उलटा करा आणि मॉडेल व व्हर्जनचा फोटो काढा. मग त्या कंपनीच्या अधिकृत साइटवर जाऊन त्याच व्हर्जनचं शेवटचं फर्मवेअर कधीचं आहे ते बघा. तारीख चार-पाच वर्षांपूर्वीची असेल किंवा 'एंड ऑफ लाइफ' असं लिहिलेलं असेल, तर त्या राउटरची मुदत संपली असं समजा. तरीही एकदा तपासाच. मुदत संपलेल्या डब्ल्यूआर८४१एनच्या काही व्हर्जनसाठी टीपी-लिंकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये नवा पॅच काढला होता. म्हणजे मनात आणलं तर कंपनीला जमतं.

दुसरं, अपडेट मिळत असेल तर करून घ्या. वायफायवरून नको, केबल जोडून करा. आधी सेटिंगचा बॅकअप घ्या. आणि लाइटीचा भरवसा नसेल तर राउटर इन्व्हर्टरवर असतानाच करा. फर्मवेअर लिहिलं जात असताना लाइट गेली तर डबा मेलाच म्हणून समजा. पावसाळ्यात वीज कडकडत असताना तर हात लावूच नका.

तिसरं, वायफायचा आणि ॲडमिनचा, असे दोन्ही पासवर्ड बदला. ॲडमिनचा पासवर्ड म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. बहुतेक घरांत वायफायचा बदललेला असतो आणि हा तसाच राहिलेला असतो. सोबत 'रिमोट मॅनेजमेंट' आणि 'डब्ल्यूपीएस' हे दोन्ही बंद करा.

चौथं, फायबरवाल्या कंपनीनं दिलेला डबा असेल तर त्याचं फर्मवेअर सहसा कंपनीच लांबून बदलते, तुमच्या हातात फारसं नसतं. पण विचारणं हातात आहे. कस्टमर केअरला फोन करून शेवटचं अपडेट कधी झालं ते विचारा. डबा फार जुना असेल तर बदलून मागा.

पाचवं, जुना राउटर कुणाला फुकट देऊ नका आणि सेकंड हँड घेताना वरचं सगळं तपासा. टाकायचाच असेल तर आधी फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर तुमच्या कनेक्शनचा आयडी-पासवर्ड त्यासोबत जातो. मग भंगारवाल्याऐवजी ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या.

फसवणूक झालीच, तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवा. कॉम्प्युटर आणि मोबाइल साफ करण्याची मोफत टूल्स केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्र' या साइटवर मिळतात.

पण सगळं ग्राहकानंच करायचं का?

इथं खरा मुद्दा येतो. वर सांगितलेली तपासणी फुलचूरमधल्या किती घरांत होईल? औषधाच्या पाकिटावर तारीख असते, गॅस सिलिंडरवर तपासणीची मुदत लिहिलेली असते. राउटरच्या बॉक्सवर 'सुपर स्पीड' लिहिलेलं असतं, 'अपडेट कधीपर्यंत मिळेल' हे लिहिलेलं नसतं. आत किती मेमरी आहे हेही बहुतेक वेळा नसतं. मग ग्राहक किंमत बघतो आणि अँटेना मोजतो.

ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू केला. इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांवर सगळीकडे सारखा, सहज ओळखता येणारा पासवर्ड ठेवायला बंदी आली आणि अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे जाहीर करणं सक्तीचं झालं. युरोपियन युनियनचा कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होईल. त्यात साधारणपणे किमान पाच वर्षं सपोर्ट देण्याची अट आहे. भारतात दूरसंचार विभागाच्या टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंग सेंटरनं २०२१ मध्येच अशा उपकरणांसाठी आचारसंहिता काढली. सारखे पासवर्ड नकोत, सॉफ्टवेअर अपडेट ठेवा, हे सगळं त्यात आहे. पण ती मार्गदर्शक सूचना आहे. सूचना आणि सक्ती यात काय फरक असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सरकार भारतनेटमधून गावोगावी फायबर नेतंय, ते गरजेचंच आहे. पण त्या फायबरच्या टोकाला जो डबा बसतो, त्याची मुदत कुणी विचारत नाही. रस्ता सिमेंटचा केला आणि घराचं दार कुलपाविना ठेवलं, अशातला प्रकार.

बॉक्सवर एक ओळ छापायला कंपनीला काहीच खर्च येत नाही. 'या राउटरला अमुक तारखेपर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील.' बस, एवढंच. मग स्वस्त कोणता आणि महाग कोणता, हे ग्राहक स्वतः ठरवेल. दोन वर्षांत मुदत संपणारा हजाराचा राउटर आणि सहा वर्षं चालणारा दोन हजारांचा राउटर, यातलं गणित धानाचा हिशेब करणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. फक्त ती तारीख त्याच्या डोळ्यासमोर यायला हवी.

तोपर्यंत पुढच्या वेळी "जा, डबा बंद करून चालू कर" असं पोराला सांगाल, तेव्हा एक वाक्य जोडा, "आणि उलटा करून खालचा फोटोही काढून आण."